स्वस्तातली ‘१६ टीबी’ एसएसडी दिसली तर आधी हे वाचा

मोबाइलवर हल्ली एक जाहिरात सारखी पुढ्यात येते. तळहातावर मावणारी चकचकीत डबी, तिच्यावर ‘१६ टीबी एसएसडी’ अशी ठसठशीत अक्षरं, किंमत दोन हजारांच्या आत, शेजारी उलटं धावणारं घड्याळ आणि ‘फक्त ३ शिल्लक’. एसएसडी म्हणजे मेमरी चिपांवर फाइली साठवणारी डिस्क, आणि एक टीबी म्हणजे हजार जीबी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या नाट्यमंडळाने ती डबी घेतली. पैसे गेले १,७९९. त्यासोबत जुन्या नाटकाच्या दोन टेपा गेल्या, त्या आता परत मिळणार नाहीत.

आमच्याकडे जत्रेला रात्री मराठी नाटक होतं, गोव्यातल्या बहुतेक गावांत होतं तसंच. मिनीडीव्ही कॅमेरे आले त्या काळात कुणीतरी एक कॅमेरा आणला आणि नाटकं टेपेवर यायला लागली. त्या टेपा नंतर कुणाच्या कपाटात, कुणाच्या माळ्यावर. गोव्याचा पावसाळा काय करतो ते सांगायला नको. चार-पाच टेपांवर पांढरी बुरशी धरलेली उघड्या डोळ्यांना दिसत होती. म्हणून मंडळाने पणजीतल्या एका दुकानात सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं ठरवलं. एका तासाची मिनीडीव्ही टेप मूळ दर्जात उतरवली की साधारण १३ जीबी जागा लागते. एक नाटक म्हणजे तीन टेपा, जवळजवळ ४० जीबी. एवढं सगळं ठेवायचं कशावर, हा प्रश्न आला आणि तिथे ती जाहिरात कामाला आली.

त्यात वेळही तशीच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप इतक्या लागतायत की ग्राहकांच्या वाट्याला येणारा माल महागला आहे. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने २०२५ च्या डिसेंबरात क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, कारण मोठ्या गिऱ्हाइकांना माल पुरवायचा होता. दुकानात एसएसडीचा भाव विचारून हात मागे घेतलेला माणूस घरी येऊन फोन उघडतो, तेव्हा या डबीवाल्यांचं फावतं.

डबी आली. लॅपटॉपला लावली, तर १६ टीबी दाखवते! आमचे खजिनदार भाई खूश. दुकानातल्या मुलाने सगळ्या फाइली तिच्यावर टाकल्या, कॉपी पूर्ण झाल्याचं विंडोजने सांगितलं. पहिलं नाटक लावून बघितलं, नांदी छान ऐकू आली. दुकानदारालाही त्याच्या कॉम्प्युटरवर जागा हवी होती, त्याने आपल्याकडच्या प्रती पुसल्या.

पुढे एका पोराला जुना प्रवेश मोबाइलवर टाकायचा होता. त्याने दुसरं नाटक लावलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे चित्र गोठलं. त्यापुढची फाइल उघडेचना. व्हिडिओ लावायचा व्हीएलसी प्रोग्राम म्हणे फाइलची अनुक्रमणिका तुटलेली आहे, दुरुस्त करू का? दुरुस्त करायला आत काही असायला हवं ना. फोल्डरमध्ये मात्र सगळं जागच्या जागी: फाइलचं नाव, तारीख, १३ जीबीचा आकार. तिसरं नाटक, चौथं नाटक, सगळ्यांची हीच गत.

पणजीतल्या त्या मुलाने डबी नखाने उघडली. स्क्रू नव्हताच, नुसतं दाबून बसवलेलं प्लास्टिक. आत अंगठ्याएवढी हिरवी पाटी, तिच्यावर आपण मोबाइलमध्ये घालतो तसलं मायक्रोएसडी कार्ड, वरून थापलेला पांढरा गोंद. उरलेली जागा रिकामी. आणि एका कडेला चिकटवलेली लोखंडी पट्टी, डबी हातात जड लागावी म्हणून! कार्ड ६४ जीबीचं. हिशेब लगेच लागला: चार टेपा पूर्ण आणि पाचवी शेवटाकडे येईपर्यंत जागा होती, तिथेच नाटक थांबलं होतं.

भाईंना पटेना. “अरे, स्क्रीनवर सोळा दाखवतंय, मग लबाडी कसली?” सगळी लबाडी त्या सोळातच आहे. डिस्क लावली की कॉम्प्युटर तिला विचारतो, तुझ्यात जागा किती? ती जे सांगेल ते तो छापतो. मोजून बघत नाही. डिस्कच्या आत जो छोटा प्रोग्राम असतो, फर्मवेअर म्हणतात त्याला, तो बदलून ६४ जीबीच्या कार्डाला ‘मी १६ टीबी’ असं बोलायला शिकवलेलं असतं. जागा संपल्यावर आलेला माल ते नुसतंच गिळतं आणि ‘मिळाला’ म्हणून पोच देतं. फाइलींच्या नावांची यादी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असते, ती शाबूत राहते. म्हणून नावं दिसतात आणि पोटात काही नसतं. काही डब्या याहून वाईट: त्या जागा संपली की पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागतात, म्हणजे आधी नीट बसलेलंही मरतं.

आता यातली खरी चलाखी बघा. त्या डबीला साडेचार तारे होते. मला वाटलं होतं, विकत घेतलेली परीक्षणं असणार. वाचली तर बरीचशी खऱ्या माणसांची वाटली. ‘पार्सल वेळेत आलं’, ‘दिसायला छान’, ‘पूर्ण १६ टीबी दाखवतं’. बिचाऱ्यांनी खोटं काहीच लिहिलं नाही, त्यांना तेवढंच दिसलं होतं. डबीत चार-दोन लग्नांचे फोटो टाकणाऱ्याला ६४ जीबी संपेपर्यंत काही कळणारही नाही. ऑनलाइन परीक्षणं प्रामाणिक असावीत म्हणून आपल्याकडे २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आलं, पण पहिल्या दिवशीच लिहिलेलं परीक्षण कितीही प्रामाणिक असलं तरी इथे कुचकामी.

आणि भरून तपासायची म्हटली तर? असल्या डबीचा वेग सेकंदाला २० एमबी धरा. १६ टीबी भरायला आठ लाख सेकंद लागतात, म्हणजे नऊ दिवसांच्या वर. परत करायची मुदत सात दिवस. हा योगायोग नाही असं माझं मत आहे. टोपी घालणाऱ्याने जागेचा आकडा इतका फुगवलेला असतो की तो पडताळण्याआधीच परतीची खिडकी बंद होते.

डबी ज्या ऑनलाइन बाजारातून घेतली तिथे तक्रार केली तर ग्राहक सेवेतल्या ताईंनी गोड आवाजात सांगितलं, डिस्कची जागा दिसेल असा स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. उत्तर आलं: चित्रात १६ टीबी दिसते आहे, वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे, शिवाय परतीची मुदत संपली. आमचाच पुरावा आमच्यावर उलटला.

म्हणून तुमच्यावर ही वेळ आली तर स्क्रीनशॉटच्या फंदात पडू नका. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं एक जुनं, फुकट मिळणारं साधन आहे, जर्मनीतल्या ‘सीटी’ या संगणक मासिकाच्या हाराल्ड ब्योगेहोल्त्स यांनी केलेलं. ते डिस्क खरोखर भरतं, मग लिहिलेलं परत वाचून जुळवतं आणि किती खरं उतरलं ते आकड्यात सांगतं. ते विंडोजसाठी; लिनक्स आणि मॅकवर त्याच कामासाठी एफथ्री आहे. एवढा वेळ नसेल तर स्टीव्ह गिब्सन यांनी २०२३ मध्ये आणलेलं व्हॅलिड्राइव्ह डिस्कभर जागोजागी लिहून-वाचून बघतं आणि थोड्या वेळात निकाल देतं. चाचणी डिस्क रिकामी असतानाच करा. तो निकाल, उघडलेल्या डबीचे फोटो आणि जाहिरातीचं पान, एवढं जोडून आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर मात्र त्या बाजाराचा सूर बदलला आणि पैसे परत आले.

सात दिवसांची मुदत ही विकणाऱ्याची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं असतात, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि विकणारा कुठल्याही राज्यातला असो, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही अर्ज करता येतो. ऑनलाइन बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. हे ईमेलमध्ये लिहिलं की उत्तरं थोडी लवकर येतात, हा आमचा अनुभव.

घेण्याआधी ओळखायचं कसं, तर भावावरून. सॅमसंगने २०२३ च्या नोव्हेंबरात टी५ इव्हो ही खिशात मावणारी एसएसडी आणली, तिच्यातली सर्वांत मोठी ८ टीबीची. अमेरिकेतली किंमत सुमारे ६५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पन्नास हजारांच्या वर. तिच्या दुप्पट जागा १,७९९ रुपयांत कोण देईल? दुसरी खूण बारीक आहे. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे खरी १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते, २ टीबीची १.८१ टीबी. १६ टीबीची खरी असती तर साडेचौदाच्या आसपास दिसली असती. आमची डबी भरभक्कम सोळा दाखवत होती. मात्र हुशार लबाड हा आकडाही बरोबर बसवू शकतो, तेव्हा नुसत्या त्यावर विसंबू नका.

बुरशीच्या टेपा पुन्हा उतरवायला दिल्या, तर दोन सोडून बाकीच्या आल्या. त्या दोन पहिल्या खेपेला कशाबशा चालल्या होत्या. या खेपेला एक यंत्रात गुंडाळून तुटली आणि दुसरीतून नुसती खरखर आली. आता नाटकं बिलासकट घेतलेल्या २ टीबीच्या डिस्कवर आहेत, दुसरी प्रत भाईंच्या मुलीकडे मडगावला.

तक्रारीनंतर ती जाहिरात त्या बाजारावरून उतरली. परवा त्याच डबीचा फोटो, तोच निळा रंग, दुसऱ्या नावाने पुन्हा दिसला. यावेळी डबीवर ३० टीबी लिहिलंय आणि भाव आणखी दोनशेने कमी आहे.