पॅकेज विकायचं की मुक्त सॉफ्टवेअर सांभाळून द्यायचं?

बेळगावात सॉफ्टवेअरचा धंदा टाकताय? मग एकतर स्वतःचं बिलिंग-स्टॉकचं पॅकेज लिहून कुलूप लावून विका, नाहीतर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट (धंद्याचा सगळा हिशेब सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा सोर्स, मूळ कोड, सगळ्यांना खुला) घ्या, गिऱ्हाइकाकडे बसवा आणि सांभाळा. मी आधी पॅकेज विकायचो, आता बहुतेक दुसरंच करतो. तेव्हा माझा कल लपणार नाही.

पॅकेजात रक्कम एकदम हातात येते. पुढच्या वर्षी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे पैसे, मागायला गेलं की शेठ चहा पाजून परत पाठवतात. मुक्त सॉफ्टवेअरला लायसनचे पैसेच नाहीत; बसवणं, शिकवणं, दुरुस्ती यांचेच घ्यायचे. सुरुवातीला हात आखडतो. सोर्स खुला ठेवून वर्गणीवर वाढलेली रेड हॅट कंपनी आयबीएमनं 2019 मध्ये 34 अब्ज डॉलरला घेतली, पण हे इथं उद्यमबागेतल्या कारखानदारांना सांगू नका, हसतील.

खरा फरक कामात कळतो. फाउंड्रीतलं कास्टिंग (ओतलेला नग) जॉबवर्कला, म्हणजे बाहेर तासायला, जातं तेव्हा चलनावर 100 नग आणि वजन लिहिलेलं असतं. परत येताना वजन कमी, कारण तासलेल्या धातूचा कीस तिकडंच राहिला. वर दोन-चार नग ब्लोहोलमुळे (ओतताना आत राहिलेल्या पोकळीमुळे) रिजेक्ट. हा हिशेब प्रत्येक कारखान्याचा वेगळा. पॅकेजात हे सगळं मीच लिहिलं, जीएसटीचा प्रत्येक बदलसुद्धा. ईआरपीनेक्स्टात खाती, स्टॉक, सबकॉन्ट्रॅक्टिंग तयार आहे, जीएसटीचं अॅपही मुक्तच मिळतं. मी फक्त किसाचा कोपरा लिहितो आणि चलन कन्नड-मराठीत छापून देतो.

शेजारचा सॉफ्टवेअरवाला माझा कोड उचलेल? उचलू शकतो. ईआरपीनेक्स्टचा परवाना जीपीएल 3 आहे. बदललेला कोड गिऱ्हाइकाला दिलात तर सोर्सही द्यावा लागतो. तो जगापुढे मांडायची सक्ती नाही, पण गिऱ्हाइकानं पुढे कुणाला दिला तर अडवता येत नाही. मात्र जीएसटीचं 3बी विवरणपत्र भरायच्या आदल्या रात्री, 19 तारखेला, कारखान्यात बसणारा माणूस कोडाबरोबर जात नाही.

अशाच एका 19 तारखेला माझ्या पॅकेजचा डोंगल (कॉम्प्युटरला लावायची किल्ली, तिच्याशिवाय पॅकेज उघडत नाही) गिऱ्हाइकाकडे खुर्चीखाली चिरडला. हिशेब त्याचाच, पण उघडेना. मी खानापूरहून पावसात गाडी हाणत आलो. तेव्हा शेठ म्हणाले, "उद्या तू पुण्याला गेलास तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खडेबाजारातल्या साडीच्या दुकानाला मात्र ईआरपीनेक्स्ट म्हणजे नुसता भार. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झालं. तिथं मी अजून जुनंच पॅकेज देतो. डोंगल तेवढा काढून टाकलाय.