बीस्टी बॉईजचा पॉल्स बुटीक: हेडफोन लावूनच ऐका

न्यूयॉर्कच्या तिघांच्या हिप-हॉप ग्रुपचा 1989 चा अल्बम आहे पण पहिल्यांदा ऐकताना डोकं भणभणतंच. शंभरच्या वर सॅम्पल्स (म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांतून उचललेले तुकडे), प्रोड्यूसर डस्ट ब्रदर्सनी थरावर थर रचलेत, म्हणजे ड्रम एकाचे, बास दुसऱ्याचा, मधेच कुठूनतरी बँजो काय येतो, आणि तरी सगळं एका लयीत बसतं हे कसं जमवलं देव जाणे. द साउंड्स ऑफ सायन्समध्ये तर सरळ बीटल्स उचललेत, गाणं आधी रेंगाळत चालतं मग अचानक स्पीड पकडतं, तिथं माझा हात आपोआप व्हॉल्यूमवर जातो. तिघं एकमेकांच्या ओळी तोडून पूर्ण करतात ते पण भारी. आधीच्या अल्बमसारखा दंगा हवा होता त्या पब्लिकने तेव्हा पाठ फिरवली, सेल काही झाला नाही. 1991 च्या रॅपर बिझ मार्कीच्या विनापरवाना सॅम्पलच्या केसनंतर सॅम्पलची परवानगी एवढी महाग झाली की असलं काही आज करायला गेलं तर बजेट वकिलांतच संपेल. शेवटचा ट्रॅक बी-बॉय बुयाबेस बारा मिनिटांचा, नऊ तुकडे जोडलेला, त्यातले एकदोन नुसते टाइमपास वाटले. लिरिक्स न्यूयॉर्कच्या संदर्भांनी भरलेत, निम्मे डोक्यावरून जातात, जाऊदे. फोनच्या स्पीकरवर मात्र लावू नका, बासच गायब होतो.