नागपूर ते लंडन: दिल्लीचं नवं ए-३५० की दोह्याचा रस्ता?

आमच्या व्याह्यांचा धाकटा मुलगा लंडनला असतो. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं फर्मान काढलं, "बाबा, या वेळी बिझनेस क्लासनंच या, आईच्या गुडघ्याला ते कोंबून बसणं झेपायचं नाही." पैसे मुलगा देणार, मार्ग मात्र यांनी ठरवायचा. व्याह्यांनी मला फोन लावला. "तुम्ही दोन्हीकडून जाऊन आलात, तर सांगा बरं, दिल्लीहून का दोह्याहून?" मी अर्धा तास बोललो आणि तरी उत्तर दिलं नाही, असं आमच्या घरातून मत पडलं. म्हणून आता बसून लिहून काढतो. त्यांच्यासारखे आणखी कुणी नागपूरकर याच कोड्यात अडकले असतील, तर त्यांनाही उपयोग होईल.

माझं सांगायचं तर हिंगणा एमआयडीसीत छोटा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. बर्मिंगहॅमच्या बाजूला एक जुना ग्राहक, त्याच्यासाठी वर्षातून एखादी फेरी होते. मणक्यातली गादी सरकल्यापासून मागच्या डब्यात बसणं बंद केलं. ते चैन म्हणून नव्हे; उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी माणसासारखं उभं राहता यावं म्हणून. एक फेरी बायकोसोबत झाली, बाकीच्या एकट्यानं.

दोन्ही रस्ते कसे ते बहुतेकांना माहीत असतं. सोनेगावहून, म्हणजे आमच्या नागपूरच्या विमानतळावरून, कतार एअरवेजनं थेट दोहा आणि तिथून लंडन. नाहीतर सोनेगावहून दिल्ली आणि तिथून एअर इंडियाचं नवं एअरबस ए-३५० विमान. पलंग आडवा होतो का, दार लागतं का, पडदा किती इंची, ही चौकशी मी सोडून देतो. दोन्हीकडे आडवं होता येतं आणि दोन्हीकडे जेवण आपल्या पोटापेक्षा जास्त असतं.

आधी नव्या विमानाबद्दल, कारण शंका तिथेच जास्त असतात. एअर इंडियाला पहिलं ए-३५० डिसेंबर २०२३ मध्ये मिळालं, जानेवारी २०२४ पासून ते देशातल्या देशात उडू लागलं, आणि सप्टेंबर २०२४ पासून दिल्ली-लंडनवर आलं. पुढच्या भागात अठ्ठावीस जागा, एक-दोन-एक अशी मांडणी, म्हणजे प्रत्येकाचा पाय थेट वाटेवर. सरकतं दार आहे, कोट टांगायला छोटं कपाट आहे. आमच्या पिढीच्या डोक्यात एअर इंडिया म्हटलं की जे चित्र येतं, त्यात हे विमान बसत नाही. मी पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा शोरूममधून आजच निघालेल्या गाडीत बसल्यासारखं वाटलं. तो नवेपणाचा वाससुद्धा होता, आणि मला वाटतं दोन-तीन वर्षांत तो जाईलही. तेव्हा त्यावर फार गुण देऊ नका.

जे जाणार नाही ते वेगळं आहे. ए-३५०चा सांगाडा निम्म्याहून जास्त कार्बन फायबरच्या कंपोझिटचा, त्यामुळे आतला हवेचा दाब सुमारे सहा हजार फुटांवर असावा इतका ठेवता येतो. जुन्या ॲल्युमिनियमच्या विमानांत तो आठ हजारांच्या आसपास असतो. माझ्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं. पण उतरल्यावर नाक कोरडं पडलेलं नव्हतं, पायमोज्यांचे वळ नेहमीइतके खोल नव्हते आणि डोकं जड नव्हतं. आवाजही कमी. इतका कमी, की मागच्या जागेवरच्या गृहस्थांचं घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं. इंजिनाच्या घरघरीचा एक फायदा असतो, हे तेव्हा कळलं.

हे ए-३५०चं श्रेय आहे, एकट्या एअर इंडियाचं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कतारकडे ए-३५० कितीतरी आधीपासून आहेत. त्याची मोठी आवृत्ती, ए-३५०-१०००, २०१८ मध्ये जगात सर्वांत आधी त्यांनीच घेतली. त्यांची 'क्यूस्वीट' नावाची दाराची खोली २०१७ ची. ही कल्पना बिझनेस क्लासमध्ये त्यांनी रुजवली, बाकीच्यांनी नंतर उचलली. मधल्या दोन जागांचा तिथे जोडपलंग होतो. आम्हा दोघांना ती जोडी मिळाली होती, आणि ती उलट्या तोंडाची होती, म्हणजे पाठ विमानाच्या नाकाकडे. उड्डाण झालं तेव्हा बायको माझा हात धरून म्हणाली, "हे बैलगाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसल्यावानी वाटून राहिलं." नंतर सवय झाली. खरं बोलायचं तर तिथली वाढपाची पद्धत जास्त मुरलेली आहे: तुम्ही म्हणाल तेव्हा जेवण, टेबलावर पांढरा कपडा, छोटा दिवा. इथे मी कतारला झुकतं माप देतो. नव्या विमानातली मंडळी मनापासून करत होती, पण कुठलं कपाट कुठे उघडतं हे त्यांनाही अजून शोधावं लागत होतं.

फक्त एक लक्षात ठेवा, कतारच्या सगळ्या विमानांत क्यूस्वीट नाही. त्यांच्या दुमजली ए-३८० मध्ये ते नाही, आणि लंडनला ते विमानही जातं. इकडे एअर इंडियाच्या सगळ्या विमानांत नवी खोली नाही. बोइंगच्या जुन्या ७८७-८ मध्ये दोन-दोन-दोन अशी मांडणी, जुन्या ७७७-३००ईआरमध्ये दोन-तीन-दोन. म्हणजे रात्री लघवीला उठायचं तर शेजाऱ्याच्या पायांवरून उडी. ही विमानं आतून नवी करायचं काम चालू आहे, पण सगळी व्हायला वेळ लागेल. तिकीट काढताना विमानाचा प्रकार '३५९' (म्हणजे ए-३५०-९००) लिहिलाय का ते बघा आणि जागांचा नकाशा उघडून एक-दोन-एक दिसतंय का ते मोजा. एका तिसऱ्याच कंपनीनं (नाव राहू द्या) मला नवं विमान दाखवून आठ दिवस आधी जुनं उभं केलं होतं. फोनवर माफी मागितली, फरकाचा एक पैसा दिला नाही. तेव्हापासून मी निघायच्या आठवडाभर आधी नकाशा रोज उघडतो, दूधवाला आला का बघावं तसा.

जाता जाता, हे नागपूरकराला सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून. ड्रीमलायनर ७८७ च्या आतल्या फरशीखाली ज्या कंपोझिटच्या तुळया असतात, त्यांतल्या हजारो आमच्या नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात तयार झाल्या, टाटांच्या कारखान्यात. तिथेच बोइंगनं बांधून दिलेलं विमान देखभालीचं मोठं केंद्रही आहे. म्हणजे लांब पल्ल्याचं विमान नागपूरला दुरुस्तीला येतं, त्याच्या तुळया नागपूर बनवतं, पण लंडनला जायचं तर आपण आधी दिल्ली किंवा दोहा गाठायचं. असो.

आता माझं माप ज्यानं झुकलं ती गोष्ट. विमानाच्या बाहेरची आहे ती, आणि तिकीट काढताना कुणी सांगत नाही: तुमची झोप मोडते कुठे?

दोह्याला जाणारं माझं विमान अपरात्रीचं होतं. म्हणजे संध्याकाळी जेवून घ्यायचं, बारा वाजता अंघोळ, एकच्या सुमारास प्रतापनगरातून निघायचं. नागपूर-दोहा साधारण साडेचार तास, आणि ते विमान एकच वाट असलेलं छोटं. तिथे बरीच मागे कलणारी रुंद खुर्ची मिळाली, पलंग नव्हे. चढणं, पाणी, नॅपकिन, खाणं यात सुरुवातीचा तास जातो. उतरताना खुर्ची सरळ ठेवावीच लागते, तो नियमच आहे; त्या आवराआवरीत शेवटचा पाऊण तास जातो. उरतात पावणेतीन तास. मग दोह्याला उतरा, पुन्हा बॅग पट्ट्यावर, पट्टा काढा, बूट काढा, लाउंजच्या लखलखाटात बसा. तिथून लंडन सुमारे सात तास, तिथेही दोन्ही टोकं कापली जातात.

त्या दुसऱ्या टप्प्यातली एक मिनिटाची गोष्ट सांगतो. मला शेवटी शेवटी गाढ झोप लागली होती. उजव्या कुशीवर, गुडघे मुडपून, उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी. खांद्यावर अगदी हलका हात पडला, मुलगी अदबीनं म्हणाली की उतरायची वेळ झाली. मी बटण दाबलं. खालून मोटर घुरघुरली, पायाकडची बाजू खाली गेली, पाठ वर यायला लागली, आणि अर्धवट झोपेतला मी गादी-पांघरुणासकट हळूहळू बसता होऊ लागलो. कमरेत डाव्या बाजूला जी कळ आली, ती बर्मिंगहॅमच्या आगगाडीत बसेपर्यंत गेली नाही. एका रात्रीत हे दोनदा झालं होतं, एकदा दोह्याला आणि एकदा लंडनला. त्या पोरीचा दोष नाही, कंपनीचाही नाही. दोहा नकाशावर जिथे आहे तिथे आहे, त्याला कोण काय करणार? पण इतके पैसे देऊन पलंग घ्यायचा आणि त्याचे दोन तुकडे करून झोपायचं, हे मला पटेना.

दिल्लीच्या रस्त्यात तोडणं जागेपणी होतं. नागपूर-दिल्ली पावणेदोन तास, ते मी दुपारी उरकतो. त्यात झोपायचं नसतंच. दिल्लीत इमिग्रेशन, थोडं खाणं, घरी फोन, आणि रात्रीच्या विमानात एकदा दार ओढलं की सलग. त्यात एप्रिल २०२५ पासून आपल्या विमानांना पाकिस्तानवरून उडता येत नाही, वळसा घालावा लागतो, म्हणून दिल्ली-लंडन पूर्वीपेक्षा लांबलं आहे. लोक त्यावर कुरकुर करतात. मागच्या डब्यात असतो तर मीही केली असती. पुढच्या डब्यात तो वळसा मला पथ्यावर पडला. जेवण विमानात नाकारून दिल्लीतच खाऊन घेतलं, आणि मी सहा तासांवर झोपलो. घड्याळ लावून मोजली नाही, पण एकदाच उठलो एवढं नक्की.

आता दिल्लीविरुद्धची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर व्याही म्हणतील यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं कुणाचं ऐकत नाही. त्या दिवसांत नागपूरहून शेवटचं विमान धरू नका, दुपारचंच धरा आणि दिल्लीत पाच-सहा तास हातात ठेवा. नागपूर-दिल्ली विमान कुठल्या टर्मिनलला उतरतं तेही तिकिटावर वाचा. टी-३ ला उतरलं तर लंडनचं त्याच इमारतीतून मिळतं, नाहीतर सामानासह धावपळ. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या. हजार-दोन हजार वाचवायला दिल्लीपर्यंतचं वेगळं तिकीट काढलं, तर बॅगा दिल्लीत तुमच्या गळ्यात.

आणि परतीचं गणित उलटं आहे, हे मी मान्य करतो. येताना दिल्लीत कस्टम्ससाठी माझ्या बॅगा पट्ट्यावरून उतरवून पुन्हा द्याव्या लागल्या. दोह्याहून आलो तेव्हा सगळं सोनेगावलाच झालं, इमिग्रेशनवाल्यानं मराठीत विचारलं "कुठं जाऊन आले?" आणि वीस मिनिटांत वर्धा रोडवर होतो. परत येताना झोपेचे तुकडे झाले तरी बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी घरचाच पलंग असतो. जाणं एकीकडून आणि येणं दुसरीकडून करता आलं तर मी तसं करीन. पण तशी तिकिटं दरवेळी परवडणारी निघत नाहीत, आणि जाणं-येणं एकाच कंपनीचं घ्यायची वेळ आली की माझा हात दिल्लीकडे जातो. तुम्हाला कुठेही, कशीही झोप लागत असेल, तर मात्र माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवून दोहा बघा. तिकडे खातिरदारी जास्त आहे.

जागेबद्दल एकच. या तिरप्या खोल्यांत पाय पुढच्या माणसाच्या टेबलाखालच्या खोपच्यात जातात, आणि तो खोपचा बहुतेक विमानांत पहिल्या रांगेत जरा प्रशस्त असतो. कुशीवर झोपणाऱ्यानं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यानं तीच रांग मागावी. शाकाहारी असाल तरी विशेष जेवण आधीपासून नोंदवायची घाई नको. पुढच्या डब्यात शाकाहारी पदार्थ यादीत असतातच, आणि नोंदवलं की ती यादी हातातून जाते.

व्याह्यांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दिल्लीचं काढलं, पहिली रांग, मधली जोडी. मग फोन व्याहीणबाईंनी घेतला. म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे हो, पण एकदा झोपल्यावर मधात उठवणार तर नाहीत ना?"

म्हटलं, "नाश्त्याला उठवतील. नको असेल तर बसल्याबसल्याच सांगून ठेवा."