टॉर्क आर्म, आठ महिन्यांनंतर: सगळं झकास, ती 'टक' सोडून

जुन्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे काढून मागे कॉइल स्प्रिंग आणि स्वतः आखलेला टॉर्क आर्म (मागच्या एक्सलपासून पुढे गाडीच्या सांगाड्यापर्यंत जाणारा दांडा) बसवला, त्याला आठ महिने झाले. नऊ हजार किलोमीटर. लिहायला बसलोय ते कौतुकासाठी नाही. गेल्या आठवड्यात पुढचं ब्रॅकेट तिसऱ्यांदा उघडलं, म्हणून.

चांगलं ते आधी उरकतो. पूर्वी पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की पाटे पिळायचे आणि मागची चाकं थडथडायची. ते पहिल्याच दिवशी बंद झालं. डिफरन्शियलला (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या पेटीला) घट्ट बोल्ट केलेला आर्म एक्सलला उलटं फिरू देत नाही, ढकलण्या-ओढण्याचा भार एक्सलला सांगाड्याशी जोडणारे खालचे दोन ट्रेलिंग आर्म घेतात, बाजूला सरकणं पनार्ड रॉड रोखतो. ज्याचं त्याचं काम ठरलेलं.

आता ती 'टक', आर्मच्या पुढच्या टोकातून येणारा आवाज.

सुरुवातीला काटकसर नडली. आर्मचं पुढचं टोक मी साध्या बुशमध्ये पक्कं धरलं. आर्म आणि ट्रेलिंग आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरतात, त्यामुळे चाक वर-खाली होताना पुढचं टोक थोडं मागे-पुढे सरकायलाच हवं. मी सरकू दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात क्रॉसमेंबरला, म्हणजे ते टोक धरणाऱ्या सांगाड्याच्या आडव्या पट्टीला, चीर. वेल्डिंगवाल्याशी कडाक्याचं भांडलो. तो म्हणाला, "जोड शाबूत आहे साहेब, पत्रा फाटलाय." बघितलं तर खरंच. दुसऱ्यांदा पैसे मुकाट्याने दिले. 1982 च्या शेव्हरले कमॅरोमध्ये हेच टोक गिअरबॉक्सच्या शेपटीपाशी रबरात सरकतं ठेवलं होतं. ते आधी नीट पाहिलं असतं तर वाचलो असतो.

मग नायलॉनची सरकती बाही केली. चीर थांबली, आवाज आला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टोक वर ढकलतं, सोडला की खाली येतं. इंजिन 200 न्यूटन-मीटर, पहिला गिअर 3.5, डिफरन्शियल 4.1, मागच्या एक्सलवर झाले 2870. आर्म एक मीटरचा, म्हणजे टोकावर जवळजवळ 290 किलोचा धक्का. बाहीत अर्धा मिलिमीटर फट असली तरी 'टक'. ग्रीस भरलं, बाही बदलली, एकदा तर सिटाखाली जुनी सतरंजी कोंबली. बायको म्हणायची, मला काही ऐकू येत नाही. मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

इथवरचं बरंचसं दोन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं, शेवटी 'टॉर्क आर्मच्या नादी लागू नका' असंही होतं. ते खोडलंय. कारण आवाज ही किरकोळ गोष्ट निघाली. उतारावर जोरात ब्रेक दाबला आणि मागचा एक्सल उड्या मारायला लागला, तेव्हा घाम फुटला.

कागद पुन्हा काढले. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2400, गुरुत्वमध्य 500 मिलिमीटरवर, ट्रेलिंग आर्म जमिनीपासून 200 वर जवळजवळ आडवे. एक मीटरच्या आर्मला अँटी-स्क्वॉट, म्हणजे जोर देताना मागची बाजू बसण्याला होणारा विरोध, 96 टक्के येतो. या आकड्याचा मला केवढा अभिमान होता! पण जी भूमिती जोर देताना मागची बाजू बसू देत नाही, तीच ब्रेक लावताना एक्सलला वर खेचते. आखूड आर्मला ही खोड जास्त.

आर्म 1300 केला. अँटी-स्क्वॉट 74 वर आला, टोकावरचा धक्का 225 किलोच्या आसपास. निघताना गाडी थोडी मागे बसते, बसू दे. ब्रेकमधल्या उड्या गेल्या. पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरचा) कोन मात्र पुन्हा लावावा लागला, त्यात एक रविवार गेला. बाहीही फेकली, तिथे आता दोन्ही टोकांना रबर बुश असलेली उभी झुलती कडी आहे. ती मागे-पुढे हलते, आणि वळणावर एक्सल कलला तरी रबर तेवढा पीळ सोसतं.

'टक' गेली. आता खालून फक्त पनार्ड रॉडची कुरकुर येते, आणि सध्या मी रेडिओ मोठा लावतो.