इंटरप्ट हँडलरमधलं डेडलॉक: आयआरक्यूसेव्ह लावायचं की हँडलर थ्रेडमध्ये न्यायचा?

लिनक्स ड्रायव्हरमधला डेडलॉकचा, म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकण्याचा, हा बग महिनोन् महिने दबा धरून बसतो. रीड फंक्शनने साधं स्पिन_लॉक (मिळेपर्यंत सीपीयू जागेवर फिरत राहतो असं लॉक) घेतलेलं असतं, नेमका त्याच सीपीयूवर त्याच डिव्हाइसचा इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष मागणारा हार्डवेअरचा इशारा) येतो आणि त्याला उत्तर देणारं फंक्शन, म्हणजे हँडलर, तेच लॉक मागतो. हँडलर संपल्याशिवाय लॉक सुटत नाही, लॉक सुटल्याशिवाय हँडलर संपत नाही. सीपीयू तिथेच अडकतो. इंटरप्ट दुसऱ्या सीपीयूवर आला तर हँडलर क्षणभर थांबतो आणि काम निभावतं, म्हणून टेस्टिंगमध्ये काही कळत नाही. लॉकडेप (कर्नलमधला लॉकच्या चुका शोधणारा तपासनीस) चालू करून कर्नल बिल्ड करा. प्रत्यक्ष अडकण्याआधीच डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘इनकन्सिस्टंट लॉक स्टेट’ दिसेल.

रीड फंक्शनमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह लावलं की लॉक सुटेपर्यंत त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद राहतात. दोन-चार ओळींचा पॅच, जुन्या स्टेबल कर्नलवरही सहज बसतो. हँडलरमध्ये मात्र साधं स्पिन_लॉक पुरतं, कारण कर्नल २.६.३५ पासून हँडलर इंटरप्ट बंद असतानाच चालतो. असा पॅच तपासताना मी आधी एररचे गोटू (चूक झाल्यावर बाहेर पडायच्या वाटा) बघतो, एखाद्या वाटेवर इंटरप्ट पूर्ववत करणारं रिस्टोअर राहून जातंच. आणि ‘सेव्ह’ गाळून नुसतं स्पिन_लॉक_आयआरक्यू वापरू नका: कॉलरने इंटरप्ट आधीच बंद केले असतील, तर तुमचं अनलॉक ते परस्पर चालू करून टाकतं.

पण लॉकच्या आत आयटूसीवरून (चिप जोडणाऱ्या संथ बसवरून) सेन्सर वाचायचा असेल तर हा उपाय चालणारच नाही. आयटूसी ट्रान्सफर झोपू शकतो, म्हणजे सीपीयू सोडून वाट बघू शकतो, स्पिन_लॉक धरून ते चालत नाही आणि कर्नल ‘शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक’ म्हणून बोंब मारतो. तिथे हँडलर थ्रेडमध्ये नेणारं रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यूच हवं. २००९ मध्ये, २.६.३० पासून ते मेनलाइनमध्ये (मुख्य कर्नलमध्ये) आहे. हँडलर स्वतःच्या कर्नल थ्रेडमध्ये चालतो, म्युटेक्स (ज्याची वाट बघताना झोपता येतं असं लॉक) घेऊ शकतो. थ्रेड जागा होण्याचा थोडा उशीर मात्र सोसावा लागतो. लाइन लेव्हल-ट्रिगर असेल, म्हणजे डिव्हाइस शांत होईपर्यंत इशारा चालूच राहत असेल, तर थ्रेड संपेपर्यंत लाइन बंद ठेवणारा वनशॉट फ्लॅग विसरू नका, नाहीतर थ्रेडने डिव्हाइस शांत करण्याआधीच इंटरप्टचा भडिमार सुरू होतो.

चार-सहा रजिस्टर वाचायचे असतील तर माझं मत आयआरक्यूसेव्हला. निव्वळ डेडलॉक टाळायला ड्रायव्हरची अख्खी मांडणी बदलू नये. बदललीच, आणि थोडं काम मूळ हँडलरमध्ये ठेवून बाकीचं थ्रेडकडे दिलं, तर दोघांमधल्या सामाईक लॉकसाठी थ्रेडमध्ये इंटरप्ट बंद करावेच लागतात. तिथे साधं स्पिन_लॉक राहिलं, तर तोच बग पुन्हा घरात येतो.