उजनीचा ऊस: पाटपाणी की ठिबक?

भीमेवरच्या उजनी धरणात सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते, त्यातले जवळपास 63 मृतसाठा, म्हणजे वापरण्याजोग्या साठ्याखालचे तळाचे पाणी. 2023 च्या अपुऱ्या पावसानंतर जानेवारी 2024 मध्येच धरण उणे झाले, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली गेले; ऑगस्टमध्ये तेच भरून भीमेत पाणी सोडावे लागले. असा लहरी पाऊस पाटपाण्याला मानवत नाही. पाटाला खर्च कमी, पण आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) लांबले की ऊस करपतो, आणि भरमसाट पाण्याने काळी रानं खारवतात.

ठिबकला पाणी बरेच कमी लागते. मात्र विहीर किंवा शेततळे हवे, वीज वेळेवर हवी. तरीही मी ठिबकच निवडेन. फक्त वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावू नये. तिथे मालदांडी ज्वारी घ्यावी, ती जमिनीतल्या ओलीवरही येते.