इमा कैथेल, इम्फाळ : फोटो नंतर काढा, आधी खा

इम्फाळला गेलेले बहुतेक जण इमा कैथेलला जातात ते सगळ्या बायकाच दुकानदार असलेलं मार्केट बघायला, फोटो काढतात, एखादा फनेक, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र, घेतात आणि जेवायला परत हॉटेलवर. का पण? आजूबाजूला मणिपुरी जेवण मिळतं आणि मार्केटमध्येच त्यातला सगळा माल समोर पडलेला असतो, योंगचाकच्या हातभर लांब शेंगा, उमोरोक मिरच्या, सुके मासे, कितीतरी पालेभाज्या ज्या आपण बघितलेल्याही नसतात.

माझ्यासाठी एक नंबर म्हणजे सिंजू, तिथली कोशिंबीर. कोबी आणि कमळाचे देठ असले बारीक चिरलेले असतात की बघत राहावं, त्यात भाजलेलं बेसन, लाल मिरची, न्गारी म्हणजे आंबवलेला मासा, आणि थोइडिंगच्या बियांची भाजून कुटलेली पूड, जी आपल्या कारळ्याच्या चटणीच्या जवळ जाते, आणि मग मावशी हाताने सगळं असं चुरतात की देठ कुरकुरीत राहतो पण मसाला आत जातो. सोबत गरम बोरा म्हणजे भजी. संध्याकाळी याच्यावरच पोट भरतं, खरंच.

आता न्गारी. छोटे मासे उन्हात वाळवून मडक्यात दाबून भरतात, तोंड बंद करून काही महिने आंबवतात, मीठ न घालता. वास येतो, भरपूर येतो, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. घरात सुकट-बोंबील चालत असतील तर दोन घासांत जमेल, नसतील तर एरोंबापासून सुरुवात करू नका, कारण तिथे उकडलेल्या बटाट्यात नाहीतर भाज्यांत न्गारी आणि मिरची ठेचून घातलेली असते, लपायला जागाच नाही. आधी सिंजू, मग एरोंबा.

थाळीत कांगशोई येते, भाज्यांचं पातळ कालवण, फोडणी नाही तेल नाही. पहिल्यांदा सपक वाटेल. भातावर घ्या आणि मोरोक मेतपा, म्हणजे मिरचीची चटणी, बाजूला ठेवा, मग कळतं की बाकी सगळं इतकं तिखट असताना कांगशोई का लागते. पाकनम पण सोडू नका, बेसन आणि न्गारीचं, पानात गुंडाळून शिजवलेलं.

शाकाहारी मंडळींनी प्रत्येक पदार्थाला विचारायचं, कारण साध्या दिसणाऱ्या भाजीतही मासा असतो. सिंजू बिन-न्गारीची करून देतात. आणि श्री गोविंदजी मंदिरातल्या प्रसादाच्या जेवणात मासा नसतोच, वैष्णव पद्धतीचं.

चाकहाओची, म्हणजे तिथल्या काळ्या तांदळाची, खीर मला ठीकठाक वाटली, रंग जांभळा मस्त पण फार गोड. तांदूळ मात्र घ्याच, 2020 मध्ये जीआय टॅग मिळालाय त्याला आणि शिजताना घरभर वास सुटतो. रात्रभर भिजवा नाहीतर गॅस संपेल पण दाणा मऊ होणार नाही, आणि साखर हात आखडूनच घाला.